फाशी कधी समर्थनीय ठरते? सत्र न्यायालयातल्या सत्तावीस वर्षांनंतरचे माझे उत्तर

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर ती लक्षात येईल. आपल्या तालुक्यात सहा वर्षांच्या एका मुलीचा अत्याचार करून खून झाला. सत्र न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली, त्या दिवशी गावाने पेढे वाटले, आणि चार वर्षांनी उच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून फाशीची जन्मठेप केली. असल्या गुन्ह्यालाही फाशी नसेल तर ती कोणाला द्यायची, आणि कोणालाच द्यायची नसेल तर कायद्यात ठेवली कशाला, असे आपण विचारता. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांनी तो परत गावात’ ही भीतीही आपण लिहिली आहे. शेवटी थोड्या रागाने, पण सरळपणे, विचारले आहे की अशा माणसाचे वकीलपत्र घेताना वकिलाला काहीच वाटत नाही का.

मी सत्तावीस वर्षे फौजदारी वकिली करते आहे. पहिली सात वर्षे मी सरकारी वकील होते. नंतरची वीस वर्षे बचाव पक्षाकडून उभी राहते, आणि माझ्याकडची बरीचशी प्रकरणे विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे ज्या आरोपीला वकील परवडत नाही त्याच्यासाठी, आलेली असतात. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे आधीच देऊन टाकते. वाटते, पुष्कळ वाटते. लहान मुलाचा शवविच्छेदन अहवाल वाचून झाल्यावर त्या रात्री जेवण जात नाही, हे वीस वर्षांत बदललेले नाही. पण ज्या खटल्यात बचाव नीट झालेला नसतो, तो खटला वरच्या न्यायालयात सर्वांत आधी कोसळतो, आणि कोसळला की त्याचा भार मुलीच्या आईवडिलांवर पडतो. आरोपीला चांगला वकील मिळावा ही इच्छा खरे तर फिर्यादी पक्षाने धरली पाहिजे.

आता मूळ मुद्दा. आपल्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. एखादा माणूस मरणाच्या शिक्षेला पात्र असू शकतो का, हा पहिला. असला, तरी त्याला मारण्याचा अधिकार राज्यसंस्थेला असावा का, हा दुसरा. आणि तो अधिकार दिला, तर हजारो खुन्यांमधून नेमका ‘तो’ माणूस निवडण्याची कुवत आपल्या पोलिसांत, वकिलांत आणि न्यायाधीशांत आहे का, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘हो’ असे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्यावर माझे मत माझ्या संस्कारांतून आले आहे आणि आपले आपल्या संस्कारांतून. तिथे माझ्या व्यवसायाला विशेष अधिकार नाही. तिसरा प्रश्न मात्र मी रोज जगते, आणि माझे उत्तर प्रामुख्याने तिथूनच येते.

कायदा काय सांगतो हे थोडक्यात पाहू, कारण वर्तमानपत्रांत त्याचा अर्धाच भाग येतो. इंग्रजांच्या काळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, १९५५ च्या दुरुस्तीपर्यंत, खुनासाठी फाशी हीच नेहमीची शिक्षा मानली जात होती आणि ती न दिल्यास न्यायाधीशाला कारणे नोंदवावी लागत. १९७३ च्या संहितेने हे उलटे केले: जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी द्यायची असेल तर ‘विशेष कारणे’ लिहिणे कलम ३५४(३) ने बंधनकारक केले. आता तिच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली आहे, परंतु ही तरतूद तशीच पुढे आली आहे. १९८० साली बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी घटनात्मक ठरवली आणि ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी, असे सांगितले. विरोधातले एक मत न्यायमूर्ती भगवतींचे होते. कोणाला फाशी होणार हे खटला कोणत्या न्यायाधीशांपुढे गेला यावर ठरेल, ही त्यांची मुख्य हरकत होती.

‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हे शब्द आता गावच्या पारावरसुद्धा ऐकू येतात. मात्र त्याच वाक्याचा उरलेला भाग फारसा कोणी उच्चारत नाही. घटनापीठाने म्हटले होते की गुन्हा असाधारण असून भागत नाही, तर जन्मठेपेचा पर्याय निःसंशयपणे संपलेला असला पाहिजे. म्हणजे न्यायालयाने गुन्ह्याकडे पाहायचे, तसेच गुन्हेगाराकडेही पाहायचे, आणि हा माणूस सुधारण्यापलीकडे गेला आहे हे आरोपीने नव्हे, तर सरकार पक्षाने दाखवायचे. सगळा पेच या उरलेल्या भागात आहे. गुन्हा किती भीषण होता हे पुराव्यावरून कळते. त्या माणसात काही शिल्लक आहे की नाही हे कशावरून कळते?

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगते. सरकारी वकील असताना मी ज्या एका खटल्यात फाशी मागितली, त्यात एका शेतमजुराने मालकाच्या घरातील तिघांना ठार केले होते. पुरावा भक्कम होता. न्यायालयाने सकाळी अकराच्या सुमारास दोषी ठरवले आणि शिक्षेवरची सुनावणी जेवणाच्या सुटीनंतर ठेवली. संहितेच्या कलम २३५(२) मधली हीच ती स्वतंत्र सुनावणी, जिचा हेतू आरोपीचे आयुष्य न्यायालयापुढे यावे हा आहे. न्यायाधीशांनी आरोपीला विचारले, ‘शिक्षेबद्दल तुला काही सांगायचे आहे का?’ तो म्हणाला, ‘घरी म्हातारी आई आहे.’ त्याचे वकील उभे राहिले आणि त्यांनी सत्र न्यायालयातले नेहमीचे तीन मुद्दे सांगितले: आरोपी तरुण आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरातला एकटा कमावता आहे. त्यानंतर मी बोलले. जखमांची संख्या, बळींची वये, समाजाची सद्सद्विवेकबुद्धी. माझे भाषण चांगले झाले, असे नंतर बाररूममध्ये सहकाऱ्यांनी सांगितले. पाऊण तासात फाशी जाहीर झाली, आणि खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी मला अभिमान वाटला होता.

सत्र न्यायालयाने दिलेली कोणतीही फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी प्रकरण आपोआप वर जाते. तिथे दुसऱ्या वकिलांनी त्या माणसाची माहिती खोदून काढली. आठव्या वर्षापासून तो सालगडी म्हणून राबत होता, वीटभट्टीवर असताना डोक्याला मार लागून तो महिनाभर सरकारी रुग्णालयात होता, त्यानंतर त्याला फिट येत, आणि गावात त्याला सगळे ‘वेडा’च म्हणत. रुग्णालयाचे जुने कागद होते, तुरुंगातल्या औषधोपचाराची नोंद होती. यातला एकही कागद नवा नव्हता. माझ्या भाषणाच्या दिवशी ते सगळे जिल्ह्यातच कुठेतरी धूळ खात पडले होते. फक्त ते शोधण्यासाठी कोणाला वेळ, पैसे आणि जबाबदारी दिलेली नव्हती. उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. निर्णय वाचला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार हरल्याचा आला. दुसरा यायला काही वर्षे लागली. तो असा की मी ज्याच्यासाठी मरण मागितले त्याच्याबद्दल मला त्याचे नाव, वय आणि गुन्हा यापलीकडे काहीही ठाऊक नव्हते.

आपण म्हणाल की ती एका वकिलाची आणि एका दिवसाची हयगय झाली. तसे असते तर बरे झाले असते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, बरियार खटल्यात, असे नमूद केले की १९९६ सालचा रावजी खटल्यातला आपला निर्णय बचन सिंगच्या विरोधात जाणारा होता, कारण त्यात गुन्हेगाराकडे न पाहता केवळ गुन्ह्याकडे पाहिले गेले. रावजीला तोपर्यंत फाशी होऊन गेली होती. चूक कबूल करायला तेरा वर्षे लागली आणि ती कबुली ऐकायला ज्याचा तिच्याशी सर्वांत जवळचा संबंध होता तो नव्हता. परिवीक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) अहवाल, तुरुंगातील वर्तनाचा अहवाल आणि मानसशास्त्रीय मूल्यमापन हे सत्र न्यायालयाच्या पातळीवरच मागवावेत, असे स्पष्ट निर्देश तर २०२२ मध्ये आले. बचन सिंगनंतर बेचाळीस वर्षांनी. मधल्या काळात जे फाशी यार्डात गेले, त्यांतल्या बहुतेकांची सुनावणी माझ्या त्या पाऊण तासापेक्षा फार निराळी झाली असेल, असे मला वाटत नाही.

वयाचे उदाहरण आणखी बोलके आहे. पुण्यात १९९४ साली पाच स्त्रिया आणि दोन लहान मुले यांची एकाच घरात हत्या झाली होती. जुन्या पुणेकरांना ते प्रकरण आठवत असेल. त्यातल्या एका आरोपीची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००० साली कायम केली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने त्याला सोडून दिले, कारण राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून सिद्ध झाले की घटनेच्या वेळी तो अवघा बारा वर्षांचा होता. तोपर्यंत अठ्ठावीस वर्षे तो तुरुंगात होता. ज्याला कायद्याने फाशी देताच येत नाही, जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते, असा मुलगा तीन न्यायालयांच्या नजरेखालून गेला. दाखला त्या शाळेत होता, पण विचारणारे कोणी नव्हते.

आतापर्यंत मी शिक्षेच्या निवडीबद्दल बोलले. माणूसच चुकीचा पकडला गेला असेल तर काय, हा त्याहून जड प्रश्न आहे. नाशिक जिल्ह्यात २००३ साली एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जण मारले गेले आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी सुनावली. पुढे फेरविचार याचिका नव्याने ऐकली गेली आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी सुरुवातीलाच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता, असे न्यायालयाला आढळले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षे गेली होती.

हे प्रकरण मी नव्या वकिलांना नेहमी वाचायला देते, आणि त्यातली एक गोष्ट मुद्दाम दाखवते. इथे कोणत्याही एका न्यायालयाची घाई नव्हती. तीन पायऱ्या होत्या, तिन्हींवर युक्तिवाद झाले, आणि मधल्या पायरीवर तिघांची फाशी टळली असली तरी सर्वांत वरच्या पायरीवर ती पुन्हा सहाही जणांना मिळाली. गुन्हा जितका भयंकर, तितकी ‘कोणीतरी सापडलेच पाहिजे’ ही ओढ मोठी असते आणि सापडलेल्या माणसाकडे संशयाने पाहण्याची शक्ती तितकी कमी होते. आणि सापडतो तो बहुधा ज्याच्यामागे कोणी नाही असा माणूस. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल असल्याचे दिसले. मला तो आकडा वाचून आश्चर्य वाटले नाही. सत्तावीस वर्षांत फाशीच्या छायेतला, खासगी वकिलाची पूर्ण फी भरू शकलेला एकही आरोपी माझ्या पाहण्यात आलेला नाही.

आता आपल्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मी स्वतःच मांडते: कसाब. कॅमेऱ्याने टिपलेला, जिवंत पकडलेला, अनेक साक्षीदारांनी पाहिलेला. त्याला वकील मिळाला, तीनही न्यायालयांत सुनावणी झाली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. चुकीचा माणूस, अपुरा बचाव, गरिबाला वेगळा न्याय, हे माझे सगळे आक्षेप तिथे लागू पडत नाहीत, आणि त्या दिवशी मला हळहळ वाटली नाही. निव्वळ पुराव्याच्या कसोटीवर एखादी फाशी समर्थनीय ठरत असेल तर ती ही. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या चौघांबद्दलही, ज्यांना १९८३ मध्ये येरवड्यातच फाशी झाली, पुण्यातल्या माझ्या आधीच्या पिढीतले वकील असेच बोलत.

न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असलेल्या विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात बरोबर हीच रेघ ओढली: दहशतवाद आणि देशाविरुद्धचे युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांतून फाशी काढावी. सुज्ञ तडजोड वाटते, आणि बरीच वर्षे मीही तिचे समर्थन करत असे. आता करत नाही. मुंबईच्या लोकल गाड्यांत ११ जुलै २००६ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांची दोषसिद्धी रद्द केली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे, त्यामुळे शेवटचा शब्द अजून यायचा आहे. परंतु शेवटी काहीही ठरो, एका उच्च न्यायालयाला ज्या पुराव्यात फाशी तर सोडाच, साधी दोषसिद्धीही टिकत नाही असे वाटले, त्याच पुराव्यावर पाच माणसे फाशीच्या कोठडीत होती आणि त्यातला एक निकालाची वाट पाहत २०२१ मध्ये वारला. दहशतवादाच्या खटल्यांत तपास यंत्रणेवरचा दबाव सर्वाधिक असतो आणि साक्षीदारांना भीतीही सर्वाधिक असते. म्हणजे जिथे चूक होण्याची शक्यता जास्त, नेमकी तिथेच आपण न सुधारता येणारी शिक्षा शिल्लक ठेवतो. कसाबसारखे प्रकरण क्वचित घडते, पण कायदा त्याला समोर ठेवून लिहिला तर तो वापरला जातो इतरांवर.

जरब बसण्याच्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. आरोपी गुन्हा करताना शिक्षेचा तक्ता पाहत नाही. आपण सापडणार नाही, असे तो धरून चालतो. माझ्या न्यायालयात खुनाचे खटले सुटतात ते शिक्षा सौम्य आहे म्हणून नव्हे, तर पंच फिरतात, साक्षीदार फितूर होतात, मुद्देमालावरचे सील नीट नसते म्हणून.

पण लहान मुलांवरील अत्याचारांच्या बाबतीत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपला प्रश्न तिथूनच सुरू झाला आहे. २०१८ च्या दुरुस्तीने बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला, खून झालेला नसला तरी, फाशीची तरतूद आली. या प्रकरणांतला आरोपी बहुतेक वेळा परका नसतो. तो काका असतो, शेजारी असतो, कधी बाप असतो. काही वर्षांपूर्वी एक आजी नातीला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारले: ‘बाई, त्याला फासावर तर नाही ना देणार?’ आरोपी त्यांचा मुलगा होता. तो तुरुंगात जावा, नातीपासून लांब राहावा, एवढे त्यांना हवे होते. स्वतःच्या हाताने मुलाच्या गळ्यात फास अडकवणे त्यांना शक्य नव्हते. मी म्हणाले की या प्रकरणात तसे होण्याची शक्यता फार कमी आहे. तरी त्या आठ दिवस घरी विचार करत बसल्या आणि ते आठ दिवस ती मुलगी त्याच घरात होती. फाशीची मागणी करणाऱ्या मोर्चात या आजी कधी दिसणार नाहीत, म्हणून त्यांचे म्हणणे इथे नोंदवते.

आता चौदा वर्षांची भीती. ही समजूत इतकी पक्की बसली आहे की काही वकीलसुद्धा तसे बोलतात. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला शिक्षेत सूट देऊन सोडण्याचा विचार किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारला करता येत नाही, एवढेच चौदा या आकड्याचे मूळ आहे. ती विचाराची सुरुवात आहे, सुटकेचा हक्क नव्हे. त्यातही २००८ च्या श्रद्धानंद खटल्यापासून वरच्या न्यायालयांनी मधला मार्ग काढला आहे: पंचवीस, तीस, पस्तीस वर्षे किंवा मरेपर्यंत, सूट न देता. २०१५ मध्ये घटनापीठानेही तो मान्य केला. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फाशी रद्द करून उरलेल्या आयुष्याची कैद दिली, ती याच वाटेने. खैरलांजीच्या प्रकरणातही नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये सहा जणांच्या फाशीऐवजी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. त्या निर्णयावर टीका झाली आणि त्यातली जातीय अत्याचाराबद्दलची काही टीका मला रास्त वाटते, पण ती टीका गुन्ह्याचे स्वरूप ओळखण्याबद्दल आहे, फास किती घट्ट असावा याबद्दल नाही.

हा मधला मार्ग उपलब्ध झाला तेव्हा माझ्या दृष्टीने फाशीचा कायदेशीर पाया हलला. ‘जन्मठेपेचा पर्याय निःसंशय संपला आहे’ असे म्हणताना पूर्वी न्यायाधीशाच्या मनात चौदा वर्षांनी बाहेर येणारा माणूस असे. आता मरेपर्यंत आत ठेवण्याचा पर्याय हाताशी असताना तो संपला असे कोणत्या पुराव्यावर म्हणायचे? माझ्यापुढे आलेल्या एकाही प्रकरणात मला ते सापडले नाही. माणूस कधीच बदलणार नाही, असे खात्रीने सांगणारा अहवाल मी अजून पाहिलेला नाही. उलट तुरुंगात बारावी पास झालेले, दुसऱ्या कैद्यांचे अर्ज लिहून देणारे, आजारी कैद्यांची सेवा करणारे फाशीचे कैदी पाहिले आहेत. त्यामुळे त्यांचे गुन्हे कमी होत नाहीत, आणि तसा दावा मी न्यायालयातही करत नाही.

मुलीच्या आईवडिलांबद्दल आपण लिहिलेत त्यावर थोडे थांबते. सरकारी वकील असताना मी अनेक आयांना सांगितले होते की फाशी झाली म्हणजे तुम्हाला शांती मिळेल. तेव्हा ते मला खरे वाटत होते. नंतर पाहिले ते असे: फाशी सुनावली की प्रकरण संपत नाही, सुरू होते. उच्च न्यायालयात पुष्टी, सर्वोच्च न्यायालयात अपील, फेरविचार, त्यानंतरची शेवटची उपचारात्मक (क्युरेटिव्ह) याचिका, राज्यपाल, राष्ट्रपती, आणि दयेच्या अर्जाला उशीर झाला म्हणून पुन्हा न्यायालय. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये, अक्षम्य विलंबाच्या कारणावरून, उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. ज्यांची मुले गेली होती त्यांनी एकवीस वर्षे दर थोड्या दिवसांनी तीच बातमी वाचली. पुण्यातल्या २००७ च्या कॉल सेंटर कर्मचारी तरुणीच्या प्रकरणातही फाशीची तारीख काढण्यातल्या सरकारी दिरंगाईमुळे २०१९ मध्ये दोघांची शिक्षा पस्तीस वर्षांच्या कैदेत बदलली, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. उच्च न्यायालयाच्या पहिल्याच निकालात सूट नसलेली तीस वर्षे दिली गेली असती तर या कुटुंबांचे पुढचे आयुष्य तरी कोर्टाच्या तारखांतून सुटले असते.

१९४९ च्या जूनमध्ये संविधान सभेत फाशीच्या प्रकरणांतल्या अपिलांवर चर्चा चालू असताना डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते की अपिलाची तरतूद करत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. मी त्यांचा दाखला देते तो अधिकारवाणी म्हणून नव्हे, तर हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला आहे असे मला नेहमी ऐकवले जाते म्हणून.

तर थोडक्यात माझे म्हणणे असे. कोणी मरणाला पात्र नसतोच, असे मी म्हणत नाही. कसाबसारख्या प्रकरणात पुराव्याच्या अंगाने माझ्याकडे आक्षेप नाही. फाशी द्यायची तर तिच्या कसोटीचा जो अवघड अर्धा भाग आहे तो सिद्ध करण्याची आपली यंत्रणा आजवर तयार झालेली नाही, आणि मरेपर्यंत कैदेचा पर्याय असताना तो सिद्ध होईल असे मला दिसत नाही; म्हणून आजच्या स्थितीत मी कोणत्याही प्रकरणात फाशीचे समर्थन करणार नाही. ज्या देशात तपास वेगळा आहे, बचावाला पैसा आहे, तिथला वकील कदाचित वेगळे सांगेल. पैसा आणि यंत्रणा दोन्ही असलेल्या ब्रिटनने १९५० साली टिमथी इव्हान्सला स्वतःच्या मुलीच्या खुनासाठी फाशी दिली आणि त्याच घरात राहणारा, इव्हान्सविरुद्ध साक्ष देणारा माणूसच सराईत खुनी निघाला, हे त्या वकिलाने मला समजावून द्यावे, एवढीच अपेक्षा.

राहिला आपल्या तालुक्यातल्या खटल्याचा प्रश्न. तो निर्णय बरोबर की चूक हे न वाचता मी सांगणार नाही. निकालपत्र उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. ते उतरवून घ्या आणि शेवटची दहा-पंधरा पाने, जिथे शिक्षेची चर्चा असते, ती आधी वाचा. जन्मठेपेबरोबर सूट न देण्याची मुदत घातली आहे का ते पाहा. ती घातली असेल तर चौदा वर्षांची भीती बाजूला ठेवा. नसेल तर सूट देण्याचा विचार होईल तेव्हा मुलीच्या कुटुंबाला लेखी म्हणणे मांडता यावे यासाठी आतापासून एक साधा अर्ज तुरुंग अधीक्षक आणि गृह विभाग यांच्याकडे देऊन पोच घ्या. आणि सत्र न्यायालयाचे निकालपत्र मिळाले तर दोषी ठरवल्याची तारीख आणि शिक्षा सुनावल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून पाहा. दोन्ही एकच असतील, तर उच्च न्यायालयाने फाशी का काढली याचे निम्मे उत्तर आपल्याला तिथेच मिळेल.